फावडं, ४२ इंच आणि एक खुर्ची

प्रतापनगरातल्या आमच्या घरी मे महिन्यात कूलरची खस ओली ठेवणं एवढंच काय ते माझं ऋतुकर्तव्य. जानेवारीत लेकीकडे बोस्टनला गेलो, तर जावईबापू पहाटेच फावडं घेऊन निघालेले. मी म्हटलं, "एवढी काय घाई जी?"

"बाबा, कायदा आहे!" लेक म्हणाली.

बर्फ थांबल्यापासून तीन तासांत घरासमोरची पायवाट मोकळी करायची. रात्री पडला तर सूर्योदयापासून तीन तास. वाट किमान ४२ इंच रुंद हवी, म्हणजे साडेतीन फूट, व्हीलचेअर जाईल एवढी. काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलला तरी दंड. (आमच्या गल्लीत मात्र झाडलेला कचरा शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत सरकवला की अंगण स्वच्छ!)

न्यू जर्सीत राहणारा पुतण्या गाडीचं सांगत होता. टपावरचा बर्फ न काढता निघालात, तर काही घडलं नाही तरी २५ ते ७५ डॉलर दंड. उडालेल्या बर्फाने कोणी जखमी झालं तर २०० ते १०००.

मला खरी मजा वाटली ती बोस्टनमधल्या खुर्चीची. बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली, की तिथे जुनी खुर्ची ठेवून ती राखता येते. बर्फामुळे शहराने लावलेली आणीबाणी उठल्यावर ४८ तास, तेही शहराच्या मान्यतेने. आमच्याकडे लोक कुंड्या ठेवून बारा महिने राखतात, बर्फाचा कण न उपसता.

मीही फावडं मारलं. अर्ध्या तासात कंबर धरली. उरलेलं जावयांनी केलं.