आमची वाटचाल : ऑप-अँपची निवड

सदाशिव पेठेतल्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही सुरुवात केली तेव्हा तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून लोकांचे जुने अँप्लिफायर दुरुस्त करून देणे, एवढेच काम होते. त्या दुरुस्तीतच ऑप-अँपचा, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या छोट्या आयसीचा (चिपचा), नाद लागला. ७४१ ही आयसी १९६८ सालची. तिचे आउटपुट एका मायक्रोसेकंदात जेमतेम अर्धा व्होल्ट चढते, त्यामुळे तीव्र स्वरांचा मोठा सिग्नल तिला झेपत नाही. तिच्या जागी टीएल०७१ बसवली की फरक पडे, आणि महागडी आयसी म्हणजे चांगला आवाज, असे आमच्या मनाने घेतले.

स्वतःचा पहिला प्रीअँप्लिफायर (मुख्य अँप्लिफायरच्या आधीचा टप्पा) बनवला तेव्हा ही समजूत आम्हाला महागात पडली. त्यात १०० किलोओहमचा व्हॉल्यूम (बटणाने फिरवायचा रेझिस्टर) थेट एनई५५३२ या ऑप-अँपला जोडलेला होता. काही महिन्यांतच संच परत येऊ लागले, कारण बटण फिरवताना खरखर येत होती. आम्ही व्हॉल्यूम बदलत राहिलो. दोष मात्र आमच्या मांडणीत होता. या आयसीच्या इनपुटला सुमारे २०० नॅनोअँपिअर बायस करंट (चालण्यासाठी इनपुटमधून वाहणारा लहानसा स्थिर प्रवाह) लागतो, १०० किलोओहममधून तो गेला की २० मिलिव्होल्ट तयार होतात आणि बटणाबरोबर तेच कमीजास्त होतात. व्हॉल्यूम १० किलोओहमचा केला, मध्ये एक कपॅसिटर घातला आणि खरखर थांबली.

पुढे त्याच बोर्डावर आम्ही एलएम४५६२ बसवून पाहिली. आवाज अधिक उघडा, अधिक रेखीव वाटला आणि आम्ही सगळे खूश झालो. ऑसिलोस्कोप लावल्यावर कळले की आयसी काही मेगाहर्ट्झवर ऑसिलेट होत होती, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःच कंप पावत होती. ५५ मेगाहर्ट्झ बँडविड्थच्या, म्हणजे इतक्या वेगवान, आयसीला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी सप्लायच्या पिनांशी हवा. आमचा दोन इंच लांब होता. ज्याला आम्ही तपशील समजलो, ती विकृती होती. त्या दिवसापासून मोजल्याशिवाय ऐकायचे नाही, हा आमच्याकडचा नियम झाला.

ऐकतानाही दोन्ही सर्किटांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवतो, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. आयसी कोणती आहे हे ऐकणाऱ्याला सांगत नाही. अशा चाचण्यांत लाइन स्टेजवर (सीडी प्लेअरसारख्या साधनांचा सिग्नल घेणारा भाग) एनई५५३२ आणि एलएम४५६२ यांतला फरक आमच्यापैकी कोणालाही खात्रीने ओळखता आला नाही, हे आम्ही ग्राहकांना स्पष्ट सांगतो. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचा अगदी क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या फोनो स्टेजमध्ये मात्र निवड खरोखरच ऐकू येते. टीएल०७२चा नॉइज (आयसीची स्वतःची सळसळ) १८ नॅनोव्होल्टच्या घरात, तर एनई५५३२चा ५. सुई टेकल्यावर तानपुरा सुरू होण्याआधी जी क्षणभर शांतता असते, तिथे ती सळसळ उघडी पडते. (बाकी रेकॉर्डचा स्वतःचा आवाज असतोच, पण त्यात आपली भर कशाला?)

आता नऱ्ह्याच्या शेडमध्ये आम्ही फोनो आणि लाइन या दोन्ही स्टेजमध्ये एनई५५३२च वापरतो आणि जिथे इनपुटचा रेझिस्टन्स मोठा ठेवावाच लागतो तिथे नगण्य बायस करंटची ओपीए२१३४ घालतो. आयसी सॉकेटमध्ये न बसवता थेट बोर्डावर सोल्डर करतो आणि प्रत्येक संचासोबत त्याच संचाच्या मोजमापांचा कागद देतो.