एकच शीट

परवा दुपारी जेवणं उरकल्यावर उत्तराखंडात, बर्फावर स्कीइंग करतात त्या औलीच्या एका हॉटेलचे दर बघत बसले होते. आकडा परवडेलसा वाटला म्हणून चष्मा लावून नीट बघितलं, तर खाली बारीक अक्षरात 'प्रतिव्यक्ती, दोघांत एक खोली'. म्हणजे जोडीला कुणीतरी आणा. नसेल आणायचं तर त्याचेही पैसे तुम्हीच भरा. न आलेल्या, न जेवलेल्या, गीझरचं तांब्याभर पाणीही न वापरलेल्या माणसाचे पैसे. एका सहल कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, सिंगल असाल तर थोडं एक्स्ट्रा होतं." थोडं म्हणजे किती ते ऐकलं, फोन ठेवला आणि वही काढली.

ही खोड वडिलांची. जायचं की नाही हे ठरायच्या आधी आमच्याकडे वही निघते. आम्ही राहायचो कराडला, जायचो फार तर मिरजेला नाहीतर पुण्याला, पण वडिलांच्या उशाशी रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक असायचं. रविवारी दुपारी आडवं पडून हावडा मेल मोगलसरायला किती वाजता पोचते ते वाचायचे आणि मध्येच आईला म्हणायचे, "इथं उतरलो तर पुढची गाडी दोन तासांनी आहे, आंघोळ उरकता येईल." आई भांडी घासत "हं" म्हणायची. मोगलसरायला आमच्यापैकी कुणीच कधी उतरलं नाही.

तर वही. विषय स्कीइंग. पन्नाशी उंबऱ्यात आहे, गुडघे अजून तरी माझ्या बाजूने आहेत, आणि नवऱ्याला थंडीचा तिटकारा; महाबळेश्वरलाही तो शाल घेऊन फिरतो. म्हणून एकटी. आणि एकटीनं जायचं तर स्वतःच्या पैशांनी, म्हणजे टॅक्सी नाही, विमान नाही. रेल्वे, बस, जीप.

आधी गुलमर्ग लिहिलं होतं. जून 2025 पासून कटऱ्याहून रेल्वेनं थेट श्रीनगर गाठता येतं, वाटेत चिनाबवरचा 359 मीटर उंचीचा पूल. वडील असते तर त्यांनी नुसतं त्या पानावर महिना काढला असता. श्रीनगरहून टंगमर्ग, तिथून चाकांना साखळ्या बांधलेली गाडी वर. सगळं लिहून झालं आणि वन्संना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पहलगामनंतर?" मी पान उलटलं. वाद घालता आला असता, पण वन्संशी वाद घालायचा तर दुपार हातात लागते.

औलीचं पान मात्र भरत गेलं. पुण्याहून गोवा एक्सप्रेसनं दिल्लीचं निजामुद्दीन. कश्मीरी गेटहून रात्रीची बस, हरिद्वार. हरिद्वारहून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची बस अंधार असतानाच सुटते, कारण डोंगरातल्या रस्त्यावर रात्री गाड्या चालवू देत नाहीत. पावणेतीनशे किलोमीटर उजेडातच संपवायचे. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. हा आमच्या आजीचा रस्ता. यात्रा कंपनीच्या बसमधून ती बद्रीनाथला गेली होती, लिंबू हुंगत. परत आल्यावर प्रयाग बोटांवर मोजून दाखवायची, आणि पाचवा विष्णुप्रयाग आला की करंगळी जरा जास्त वेळ धरून ठेवायची, कारण तिथंच तिला सगळ्यात जास्त उलट्या झाल्या होत्या. हिवाळ्यात बद्रीनाथची कवाडं बंद, त्यामुळे बसमध्ये यात्रेकरू नसणार. सुट्टीवरून परतणारे जवान असतील, कॉलेजची पोरं, गावाकडचं सामान घेऊन निघालेली एखादी बाई. ऋषिकेशहून कर्णप्रयागपर्यंत रेल्वेचं काम चाललंय, सव्वाशे किलोमीटर, त्यातले शंभराहून जास्त बोगद्यांतून. ती झाली की प्रवास निम्म्यावर येईल आणि आजीचे प्रयाग मात्र कुणाला दिसणार नाहीत.

बस चुकली तर ऋषिकेशहून शेअर जीप मिळते असं वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. जीप हे माझं माहेर आहे.

मामाचं गाव पाटणच्या पुढं. कराडच्या स्टँडबाहेर वडापच्या जीपा उभ्या असायच्या आणि क्लीनर पोरगा बोनेटवर थापा मारत ओरडायचा, "चला पाटण पाटण पाटण, एकच शीट, एकच शीट!" त्याच्या भरवशावर आत जाऊन बसलं की कळायचं, अजून चार माणसं हवीत. ती येईपर्यंत उन्हात तापलेल्या रेक्झिनवर मांड्या चिकटवून बसायचं. मग सरकासरकी. "मावशी, जरा भिंतीला लागा." "अण्णा, एक पाय बाहेर ठेवा की." गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून एकजण, आणि ड्रायव्हरच्याही उजव्या हाताला एकजण, म्हणजे गाडी नेमकी कोण चालवतोय ते वळणावर कळायचं नाही. मी शीट नव्हते. मी मांडी होते. आईच्या मांडीवर, आई नसली तर ज्या बाईला मांडी असेल तिच्या. ज्या उन्हाळ्यात क्लीनरनं माझ्याकडे बोट करून "हिचं पण तिकीट" म्हटलं, तेव्हा आई त्याच्याशी भांडली आणि मी मात्र मान ताठ करून बसले.

आणि सगळं भरूनही गाडी हलायची नाही. खरोखरच एक शीट कमी असायचं. तेव्हा पाच जणांचं वऱ्हाड येऊन विचारायचं, जागा नाही म्हणून परत जायचं. मग लांबून एखादा धोतराचा सोगा सावरत, पिशवी काखेत मारून, एकटाच येताना दिसायचा. सगळी जीप त्याच्याकडे बघायची. क्लीनर धावत जाऊन त्याची पिशवी घ्यायचा. तो चढला की इंजिन सुरू. इतका मान मी पुढे नवरदेवालाही मिळताना पाहिला नाही.

हॉटेलवाल्यांना हे कधी कळायचं नाही. खोली जोडप्याला स्वस्त पडते, पण रस्ता एकट्याला. बसमध्ये शेवटची एक सीट उरते, ती माझी. वेटिंग लिस्टमध्ये एकट्याला एकच बर्थ सुटली की पुरते आणि चौघांचं कुटुंब दोन डब्यांत विभागलं जातं. ढाब्यावर चौघांचं टेबल मोकळं व्हायची वाट बघावी लागत नाही. कुणाच्या तरी समोर ताट ठेवलं की झालं. खोलीत जास्तीचं भरायचं ते जीपमध्ये वसूल. हिशेब वहीत मांडून बघितला. तंतोतंत जमत नाही, पण जमवता येतो.

घसरायला कसं शिकायचं त्याचं उत्तरही त्याच हिशेबात सापडलं. गढवाल मंडल विकास निगम, म्हणजे तिथलं सरकारी पर्यटन महामंडळ, औलीला सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेतं, तिथं खाटेचा दर असतो, खोलीचा नव्हे. स्की, बूट, काठ्या तिथंच मिळतात, त्यामुळे निजामुद्दीनच्या हमालाशी त्यावरून घासाघीस नाही. नवशिक्याला पहिल्यांदा जे शिकवतात ते घसरणं नसतंच. स्कीची पुढची टोकं एकमेकींकडे वळवायची, टाचा बाहेर ढकलायच्या, आणि थांबायचं. ज्यांना थांबता येतं त्यांनाच वर नेतात. समोर 7,816 मीटरची नंदादेवी, आणि मी खाली माझ्या टाचांकडे बघत. चालेल.

अडचण बर्फाची आहे. रेल्वेचं आरक्षण पूर्वी चार महिने आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडतं, पण बर्फ साठ दिवस आधी काहीच सांगत नाही. 2011 मध्ये औलीला दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यासाठी बर्फ पाडायची यंत्रं आणली, त्यांना पाणी पुरवायला तळंसुद्धा खोदलं. जिथं तीन हजार मीटरवर यंत्रानं बर्फ पाडायची तयारी ठेवावी लागते, तिथं माझ्या गोवा एक्सप्रेसच्या स्लीपर तिकिटाचं काय. वन्संना मी हे मुद्दाम सांगितलेलं नाही.

राहता राहिला शेवटचा टप्पा. जोशीमठहून औलीला रोपवे होता, चार किलोमीटरचा. मी तो वहीत लिहून त्याभोवती चौकटही आखली होती. मग वाचलं की तो जानेवारी 2023 पासून बंद आहे. त्या महिन्यात जोशीमठ खचलं. आठशेहून जास्त घरांना तडे गेले, माणसं थंडीत घराबाहेर पडली. गाव जुन्या दरडीच्या मातीवर वसलंय, इथं मोठी बांधकामं करू नका, असं सरकारनंच नेमलेल्या मिश्रा समितीनं 1976 मध्ये लिहून दिलं होतं. तेव्हा मी पाटणच्या जीपमध्ये मांडीसुद्धा नव्हते.

रोपवेवर काट मारून मी 'जीप' लिहिलं. त्याच ओळीच्या वर, आधीच्याच शाईत, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'जोशीमठला खोली औलीपेक्षा पुष्कळ स्वस्त.' शेजारी खूण केलेली, मला आनंद झाला की मी करते तशी. ती खूण बघत बराच वेळ बसले. तडे गेलेल्या घरांतली माणसं कुठे गेली, कुणी परत आलं, कुणी तिथंच दोन खोल्या भाड्यानं देऊन हिवाळा काढतंय, यातलं माझ्या वहीत काही नाही. वहीत फक्त दर आहे.

वर्गाच्या आधीची आणि नंतरची रात्र जोशीमठमध्येच काढायची ठरवलंय. घासाघीस करायची नाही. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.