एक डबा दोघांत पुरेना

थोरला ६ वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. दोघांत मिळून ठोकळ्यांचा एकच मोठा डबा घ्यायचा, आज ना उद्या तीही खेळेलच, असा माझा हिशेब. दुसऱ्याच दिवशी तिचा एक गाल फुगलेला दिसला. ‘आ कर’ म्हटलं, तर जिभेवर लाल ठोकळा. डबा त्याच क्षणी कपाटाच्या वरच्या फळीवर गेला.

डब्यावर ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं स्पष्ट छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण आमची पोर चलाख आहे, तिला जमेल, असं वाटलं. ती सूचना हुशारीसाठी नसते, घशासाठी असते, हे मला बापाला उशिरा कळलं. अशा खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. न दाबता जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो, तो ३ वर्षांखालच्यांसाठी बाद. घरी मी टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी घेऊन बसलो. ती जरा रुंद असते, म्हणजे चाळणी आणखी कडक. घरातली निम्मी खेळणी नापास झाली!

मग तिच्यासाठी लेगोचा ड्युप्लो, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा लहानग्यांसाठीचा मोठा प्रकार, आणला. साध्या लेगोपेक्षा लांबी, रुंदी, उंची दुप्पट, म्हणजे आकारमान आठपट. साध्या लेगोचे मोठे ठोकळे त्याच्यावर बसतातही, त्यामुळे पुढे तो वाया जाणार नव्हता. पण तिला ते दाबून बसवायला जमेना. चिडायची आणि फेकून द्यायची.

आत चुंबक असलेल्या, एकमेकींना जोडायच्या रंगीत पाट्या थोरल्याला हव्या होत्या. त्या मी सरळ नाकारल्या. पाटी फुटून दोन चुंबकं पोटात गेली, तर आतडं मध्ये धरून ती एकमेकांना चिकटतात. धाकटी घरात असताना नकोच ते.

शेवटी दोघांनाही पटले ते साधे लाकडी ठोकळे, ज्यांत ना खुंट्या ना खाचा. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी शंभरेक वर्षांपूर्वी रूढ केलेलं माप: जाडी, रुंदी, लांबी १:२:४. धाकटीचं काम एकच, पाडणं. थोरला आधी रडला, मग तिच्यासाठी वेगळा मनोरा रचून ‘एक, दोन, तीन, पाड!’ म्हणायला लागला. एकदा पुलाला लांब ठोकळा कमी पडला, तर म्हणाला, “बाबा, दोन अर्धे लावले, चालतंय.” अपूर्णांक अजून शाळेत यायचे आहेत.

बारीक ठोकळे आता ती झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर येतात, आणि आवरताना मोजून डब्यात जातात. काल एक पिवळा कमी भरला. थोरला आणि मी टॉर्च घेऊन सोफ्याखाली पालथे पडलो. सापडला.