तरंगता धक्का

मुंबईत घोडपदेवच्या आमच्या खोलीत जहाजांचे भोंगे ऐकू यायचे, जहाज मात्र कधी दिसायचं नाही. आप्पा 31 वर्षं गोदीत क्रेनवर होते. आई डबा घेऊन गेटपर्यंत जायची आणि तिथूनच परतायची. 31 डिसेंबरच्या रात्री बाराला सगळी जहाजं एकदम भोंगे द्यायची, तेव्हा ती गॅलरीत येऊन उभी राहायची. गोदीच्या भिंतीपलीकडचं पाणी तिने कधी पाहिलं नाही.

म्हणून ऑक्टोबरात धाकट्या बहिणीकडे फ्रान्समध्ये नीसला गेलो, तेव्हा मी आईला एक दिवस मोनॅकोला नेलं.

ट्रेनने 25 मिनिटं. स्टेशन डोंगराच्या पोटात आहे, त्यामुळे बाहेर येईपर्यंत समुद्राचा पत्ता नसतो. अख्खा देश दोन चौरस किलोमीटरहून थोडासा मोठा. चढ मात्र जीवघेणा. आईच्या गुडघ्यांना रस्त्यातल्या सार्वजनिक लिफ्टनी तारलं. कॅसिनो बाहेरूनच पाहिला. मोनॅकोच्या नागरिकांना तिथे जुगार खेळायला बंदी आहे हे सांगितल्यावर आई म्हणाली, “बरं केलं.” बाजारात पालेभाजी आणि चीज भरलेली तळलेली बार्बाजुआं खाल्ली. आईने तिला करंजीच म्हटलं.

मग बंदर. पोर्ट हर्क्युलला भिंत नाही. कोट्यवधींच्या यॉट उभ्या, आणि त्यांच्यासमोरून कुणीही चालत जावं. आई काठापर्यंत गेली, मागे वळून म्हणाली, “पास विचारला नाही गं कुणी?”

मला तिथे फार वाईट वाटलं. आमच्याकडचा प्रिन्सेस डॉक 1880 चा. तेव्हापासून किती पिढ्या या गोदीवर जगल्या, आणि त्यांच्या बायकामुलांना आपल्याच उशाचं पाणी दिसलं नाही. घोडपदेवच्या पोरांना संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

बंदराच्या तोंडाशी लाटा अडवणारा काँक्रीटचा धक्का आहे, 352 मीटर लांब, 28 मीटर रुंद. तिथे समुद्र इतका खोल की भराव घालणं अवघड. म्हणून धक्काच स्पेनमध्ये अल्जेसिरासला बांधला आणि 2002 साली समुद्रातून ओढत आणला. त्याचं एक टोक जमिनीला खांद्याच्या सांध्यासारख्या पोलादी गोळ्याने जोडलंय, दुसरं साखळदंडांनी समुद्रतळाला. मधला सगळा तरंगतो. पोटात गाड्यांचं पार्किंगसुद्धा आहे.

“टगने ओढला असणार,” आई लगेच म्हणाली. टग, विंच, हॅच, हे शब्द तिला आप्पांमुळे पाठ. मग चप्पल काढून ती त्या काँक्रीटवर अनवाणी चालली. हलतं का बघत होती. हलत नव्हतं.

पाचच्या सुमाराला धक्क्याला लागलेल्या क्रूझने भोंगा दिला. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

“हाच,” ती म्हणाली. “अगदी हाच.”

जहाज सुटलं, वळलं, लहान होत गेलं. आमची गाडी चुकली. पुढच्या गाडीला अर्धा तास होता, तोवर आई तिथेच बसून राहिली, पाण्याकडे तोंड करून.