नाचायचात?

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

शनिवारपासून एक शब्द डोक्यातून जात नाहीये. मी शिकवते तो कथकचा वर्ग संपला होता, मुली गॅरेजच्या दारात बसून घुंगरू सोडत होत्या. दोरी गुंडाळता गुंडाळता इरा म्हणाली, "ताई, तुम्हीपण नाचायचात?"

नाचायचात. नऊ वर्षांची पोर, इथे कॅलिफोर्नियात, फ्रिमाँटमध्ये जन्मलेली. "माझा पाणी सांडला" म्हणते, "आई आला" म्हणते. पण हे रूप तिला अचूक आलं. आणि मी काय केलं, तर हसून म्हटलं, "हो, नाचायचे की." तिच्या प्रश्नापेक्षा माझं हे उत्तरच जास्त लागलंय. तिला ठाऊक नव्हतं. मला तर ठाऊक होतं ना.

गुडघ्याचं कारण मी सगळ्यांना सांगते. गुडघा दुखतोच, खोटं नाही ते. पण गुडघा दुखायला लागला त्याच्या आधीच्या दोन वर्षांत मी कुठे उभी राहिले होते? निशादला हे विचारू नये. माईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "लेकराच्या बोलण्याचं काय घेऊन बसलीस." जाऊ दे.

आज गुरुवार, म्हणजे आमचा दुसरा वर्ग, बेली डान्सचा, जिथे मी शिष्या असते. आमच्या बाईंचं माकडहाड धरलंय, त्यामुळे महिनाभर त्या खुर्चीत बसूनच शिकवतायत. मधल्या बोटात आणि अंगठ्यात इलॅस्टिकने अडकवलेल्या पितळी झांजा, आपल्या भजनातल्या टाळांची जणू पिल्लं. उजवा-डावा-उजवा, उजवा-डावा-उजवा, घोड्याच्या दौडीसारखा ठेका. मग त्या नुसतं "माया!" म्हणतात आणि आम्हा चौदाजणींच्या कमरा हवेत उभा आठ काढायला लागतात. (मराठी आठ नव्हे, इंग्रजी.) पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, हा शब्द आपल्याकडचा. तसं नाही. माया नावाची एक नर्तकी होती, तिची ती हालचाल, म्हणून तिचं नाव. ठेवलं जमीला सालिमपूर यांनी. आमच्या बाई त्यांच्या शिष्येच्या शिष्या.

गेले चार दिवस मी जमीलाबाईंचंच वाचतेय. का, ते आज कळलं.

जन्म १९२६चा, न्यूयॉर्कचा. सिसिलीचे वडील नौदलात असताना इजिप्तकडे राहून आलेले. तिथल्या बायका कशा नाचतात ते घरी करून दाखवायचे. सोळाव्या वर्षी ही मुलगी रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत कसरती करत होती. नाच शिकली ती इजिप्शियन सिनेमे बघून. तहिया कारिओका, सामिया गमाल पडद्यावर यायच्या, हिने डोळ्यांत साठवायचं आणि घरी येऊन अंगावर उतरवायचं. गुरू नाही, वर्ग नाही, "हे चूक, पुन्हा कर" म्हणणारं कुणी नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला, ब्रॉडवेवरच्या 'बगदाद' कॅबरेत नाचली. इथून तासाभरावर ते. तिथे अरब, तुर्की नाचणाऱ्या बायका यायच्या. एकीची कंबर वेगळी चालायची, दुसरीचा खांदा. विचारलं तर कुणालाच सांगता यायचं नाही की हे काय आहे. अंगात आहे, एवढंच. जमीलाबाई बघत राहिल्या, एकेक हालचाल सुटी केली आणि तिला नाव दिलं. कधी त्या बाईचं, कधी तिच्या मुलखाचं. नाव मिळालं तशी ती हालचाल दुसरीला सांगता यायला लागली.

आपल्याकडे कथकात ठाट, आमद, तोडा, परण ही नावं आयती मिळाली, म्हणून मला त्यांची किंमत कधी वाटली नव्हती. बिननावाचा नाच शिकवून बघावा म्हणजे कळेल.

आणि मग ती गोष्ट. लग्नानंतर इराणी वादक नवऱ्याला तिचं लोकांसमोर नाचणं चालेना. थांबली. इथे आले की मी दर वेळी पुस्तक मिटते. सर्कशीत हत्तींच्या बाजूला वावरलेली बाई, आणि एका माणसाच्या नकारापुढे थांबली! मला तिचा राग येतो. मग कळतं, हा राग तिच्यावरचा नाही. मला तर कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी आडवं आलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. माझं नुसतंच कमी कमी होत गेलं. एका गणपतीला "या वर्षी मुलींनाच करू दे" म्हटलं, पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही. एवढंच. याला कारणसुद्धा म्हणता येत नाही.

परत पुस्तक उघडलं. थांबली ती फक्त लोकांसमोर. शिकवणं पूर्ण वेळ सुरू झालं. १९६८ला युरोपातल्या रेनेसाँच्या काळाचा देखावा करणाऱ्या जत्रेत शिष्यांना घेऊन 'बाल अनात' नावाचा ताफा उभा केला: तलवार डोक्यावर तोलणारी, साप घेऊन येणारी, घडा घेऊन नाचणारी, एकीमागून एक, सर्कशीच्या शिस्तीत. त्यातलं बरंचसं तिने स्वतः रचलेलं होतं आणि बघणाऱ्यांना ते हजारो वर्षांचं वाटलं, हे मला खटकतं. अरबांचा नाच अरबांना विचारून मांडायला हवा होता. तरीही अमेरिकेतल्या कितीतरी बायकांच्या नाचाची मुळं त्या ताफ्याशी जातात. मुलगी सुहैला चालायला लागली तशी त्यातच नाचली आणि आज आईची पद्धत तीच पुढे नेतेय. २०१७ला जमीलाबाई गेल्या. नव्वदी गाठली होती.

मग तिला "तुम्ही नाचायचात?" असं कुणी विचारलं असेल का? विचारलंच असेल.

आज वर्गात मी पाठीमागच्या रांगेत होते, बाईंकडे बघत. त्यांनी "माया" म्हटलं आणि त्यांच्या डाव्या खांद्याची कड बोटभर खाली गेली आणि वर आली. खुर्चीतच. कंबर जागची हलत नव्हती, पण हालचाल अंगातून निघाली होती आणि तिला वाट मिळाली ती खांद्यातून. मला पुण्याच्या आमच्या गुरुजी आठवल्या. शेवटची दहा वर्षं त्या सतरंजीवरून उठल्या नाहीत. मांडीवर हाताने ताल, तोंडाने बोलांची पढंत, आणि 'तत् तत् थेई'च्या 'थेई'वर भुवई अशी उचलायच्या की सोळाव्या मात्रेवरून सम आमच्या पायात येऊन पडायची. त्यांना आम्ही कधी "नाचायचात?" विचारलं नाही. डोक्यातच आलं नाही.

घरी येताना गाडीत मी रडले. खूप नाही. डंबार्टन पूल संपेपर्यंत.

आता स्वयंपाकघरात बसून झांजांचं इलॅस्टिक शिवतेय. उजव्या हाताचं सैल झालंय, ठेका धरला की अंगठ्यावरून घसरतं. बोटावर वळ उठेल इतकं घट्ट लागतं, बाई म्हणतात. निशाद झोपलाय म्हणून वाजवून बघता येत नाहीये. परवा शनिवार आहे. इराला अजून पायांचा तत्कार दुगुणीत, दुप्पट लयीत, जमत नाही, तिच्या शेजारी उभं राहून करावा लागेल. गुडघ्याला पट्टा बांधीन.