तुम्ही विचारलंत म्हणून: सीमेवरच्या वस्त्यांत वजन का वाढतं?

"टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोला लागून राहणाऱ्या लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या) लोकांत लठ्ठपणा एवढा का? तळकट-गोड खातात म्हणूनच ना?" असं विचारणाऱ्या बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. ताटाकडेही बघू, पण आधी वस्तीत एक फेरी मारू.

सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या काठी हिडाल्गो आणि कॅमेरॉन या काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, 'कोलोनिया' नावाच्या शेकडो वस्त्या आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडून ते हप्त्यावर विकले गेले. पाणी, गटार, डांबरी रस्ता यांतलं काही न देता. 1989 पासून कायदे झाले आणि बऱ्याच ठिकाणी नळ आले, पण फुटपाथ आणि दिवे कित्येक वस्त्यांत अजून नाहीत. संध्याकाळी चालायला निघालेल्या बाईला एका बाजूला भरधाव गाड्या, दुसऱ्या बाजूला उघडा चर आणि मोकाट कुत्री. दुपारी निघावं तर उन्हाळ्यात पारा 38 अंशांच्या आसपास.

आता दुकान. कोपऱ्यावरच्या दुकानात चिप्स, गोड ब्रेड आणि सोडा, म्हणजे कोकसारखं गोड शीतपेय, हमखास मिळतो. भाजी असलीच तर कांदे-बटाटे. मोठा बाजार कित्येक किलोमीटरवर, बस जवळपास नाहीच. देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्यांना टेक्सासमध्ये वाहन परवाना मिळत नाही, त्यामुळे गाडी काढायची म्हणजे पोलिसांनी अडवण्याची भीती. मग खेपा कमी करायच्या आणि टिकेल तेच भरायचं: डबाबंद घेवडा, नूडल्स, सोड्याची खोकी. पालेभाजी या हिशेबात बसतच नाही. सरकारी अन्नमदतीचे पैसे कार्डावर महिन्यातून एकदा जमा होतात. शेवटच्या आठवड्यात जे स्वस्त आणि पोटभरीचं, तेच शिजतं.

पाण्याची गोष्ट फार कमी जण विचारतात. नळ आला तरी त्याच्या चवीवर आणि रंगावर अनेकांचा विश्वास नाही. पिण्याचं पाणी विकतच घ्यायचं असेल, तर शेजारची सोड्याची बाटली तितकीशी महाग वाटत नाही. 355 मिलिलिटर कोकच्या एका कॅनमध्ये 39 ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे दहा छोटे चमचे. दिवसाला दोन कॅन म्हटले तर भाकरीतुकड्याचा हिशेब बाजूलाच राहिला.

ताटातही बदल झाला आहे: मक्याच्या तोर्तियाच्या, म्हणजे पातळ पोळीच्या, जागी मैद्याची आली. मक्याच्या छोट्या तोर्तियात साधारण 50-60 कॅलरी असतात. चरबी घालून केलेल्या मैद्याच्या मोठ्या तोर्तियात त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण कमी खा म्हणणं सोपं नाही: घरी आलेल्याने वाढलेलं नाकारणं हा यजमानाचा अपमान, आणि गुबगुबीत मूल म्हणजे धडधाकट मूल, असं मानतात. आजीला बाजूला ठेवून एकट्या सुनेला आहारतक्ता देणं वाया जातं. स्वयंपाकघरात शब्द आजीचा चालतो.

बाहेरून आणलेले कार्यक्रम का फसतात, तेही यातच आहे. व्यायामवर्ग दूरच्या सभागृहात, तोही दुपारी चारला, मुलांना सांभाळायला कोणी नाही, आणि दारातच ओळखपत्राची मागणी! कागदपत्रांची धास्ती असलेली बाई तिथूनच मागे फिरते आणि शेजारणींनाही सांगते.

कॅमेरॉन काउंटीतल्या ब्राउन्सव्हिल शहरात 'तू सालुद सी क्वेन्ता' ('तुझं आरोग्य महत्त्वाचं आहे') या उपक्रमाने स्पॅनिश रेडिओ-टीव्हीला 'प्रोमोतोरां'ची, म्हणजे वस्तीतल्याच प्रशिक्षित बायकांची, जोड दिली. त्या घरोघर जातात, ओट्याशी बसून बोलतात. याच शहरात शेतकरी बाजार भरतो, आणि 'सिक्लोबिया'च्या दिवशी रस्ते गाड्यांना बंद करून माणसांना मोकळे करतात. आम्हाला हीच वाट पटते, कारण ती घरापासून सुरू होते.

अशा वस्तीत चालण्याचा गट बांधायचा असेल तर नाव, पत्ता, कागद काही मागू नका. वेळ सूर्योदयाची ठेवा. रस्ता आधी स्वतः चालून बघा आणि कुत्री कुठे आहेत ते टिपून ठेवा. पाण्याचा थंड कॅन सोबत घ्या आणि लहान मुलांना बरोबर येऊ द्या. दिव्यांची मागणी काउंटीकडे त्याच बायकांच्या सह्यांनी न्यायची की नाही, ते मात्र त्यांनाच ठरवू द्या; सही करणंसुद्धा काहींना परवडणारं नसतं.