हो, वांगीसुद्धा सोडून पाहिली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, माझी संधिवाताने सुजलेली बोटं दिसली की प्रश्न ठरलेला: "पथ्य काय करतेस?" म्हणजे वांगी, बटाटे, टोमॅटो, दही, आंबट बंद केलंस ना?

केलं होतं. सगळं. डाळीसुद्धा. डाळी बंद करायला सांगणाऱ्या काकूंच्या मनात युरिक ॲसिडवाला गाऊट होता. माझा रुमेटॉइड संधिवात वेगळा. यात शरीराची राखणदारीच आपल्या सांध्यांवर उलटते. पण तेव्हा काकूंशी वाद कोण घालणार? हळदीचं दूध रोज. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे जे गुणकारी म्हणतात ते द्रव्य, जेमतेम तीनेक टक्के आणि तेही अंगात फारसं मुरत नाही, हे मी नंतर वाचलं.

पथ्य सुरू केलं त्याच आठवड्यात मेथोट्रेक्सेट, म्हणजे माझी संधिवाताची गोळी, बंद केली. डॉक्टरांना न सांगता. आठवड्याला एकदाच घ्यायची गोळी, पण दुसऱ्या दिवशी दिवसभर मळमळ. पहिले तीन आठवडे इतके छान गेले की मी बहिणींना फोन करकरून सांगितलं, "वांग्यातच होतं गं सगळं!"

मग गौरी आल्या. जेवणाच्या दिवशी पहाटे उठले तर मूठ वळेना. तासभर गरम पाण्यात हात घालून बसले. दुधाची पिशवी कापायला कात्री घेतली, तिच्या कड्यात अंगठा जाईना. शेवटी ओट्याशी उभी राहून पिशवी दातांनी फोडली. अर्धं दूध सोवळ्यावर. सासूबाई दारातून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पुरणयंत्र आपल्याकडे ओढलं आणि एकट्याच वाटत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, यांनी मला टोमणा मारावा.

अंगातली सूज दाखवणारा रक्तातला ईएसआर ७८ आला, म्हणजे खूपच. एक्स-रेत मधल्या बोटाच्या सांध्याशी हाड उंदराने कुरतडल्यासारखं. ते भरून येत नाही. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की ही गोळी चढायलाही आठवडे घेते नि उतरायलाही. म्हणजे ते तीन आठवडे गोळीचेच होते, श्रेय मी वांग्याला दिलं.

तेव्हा मी मूर्ख होते का? मळमळीचा तो दिवस आठवला की तसं म्हणवत नाही. हाड तसंही झिजलं असतं का, तेही कोण सांगणार.

आणि आहाराचा काही संबंधच नाही, असं मी म्हणत नाही हं. आठवड्यातून दोनदा तारली नाहीतर बांगडा खाते. त्यातल्या ओमेगा-३ने ठणका थोडा कमी होतो, हे अभ्यासांत दिसलंय. फक्त त्या अभ्यासांत ओमेगा-३ रोज अडीच-तीन ग्रॅम देतात, तेवढं माझ्या दोन बांगड्यांतून कुठलं मिळायला! वजन सहा किलो उतरलं, त्याने गुडघे सुटले. नॉर्वेतला १९९१चा एक अभ्यास आहे: रुग्णांना आधी आठवडाभर उपास, मग शाकाहार, बऱ्याच जणांना वर्षभर बरं वाटलं. हा मला छळतो. कारण गेल्या एकादशीला मी निर्जळी केली (साबुदाणा पचत नाही, भक्ती वगैरे काही नाही) आणि द्वादशीला सकाळी बोटं हलकी होती. खरंच हलकी. बांगड्या सहज चढल्या.

गोळी आदल्याच रविवारी घेतलेली होती. दुखण्याच्या वहीत काय लिहावं कळेना, म्हणून नुसती तारीख घातली.